पापुद्रेबाईंचा कबुलीजबाब

श्वास रोखून धरण्याचा पगार मिळणारी माणसं जगात फार नसतील. पापुद्रेबाई त्यांपैकी एक होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण रुग्णालयात शिपायापासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळे त्यांना पापुद्रेबाईच म्हणायचे, आणि त्यात थट्टा कमी, माहिती जास्त होती. बाई खरोखरच पापुद्रे सोलायच्या.

मरणानंतर लोकांनी दान केलेले डोळे रुग्णालयाच्या नेत्रपेढीत यायचे. डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेला डॉक्टर लोक पारपटल म्हणतात. या काचेच्या आतल्या अंगाला एक पापुद्रा असतो. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पापुद्रा याच्यापुढे सतरंजी वाटावी, इतका तो पातळ. त्यावर पेशींचा एकच थर असतो, आणि त्या पेशी जन्मभर एकच काम करतात. काचेत मुरलेलं पाणी उपसून बाहेर काढायचं. त्या मेल्या की परत उगवत नाहीत, आणि पाणी उपसलं गेलं नाही की काच फुगते, दुधाळ होते आणि माणसाला धुक्यातून बघावं लागतं. पूर्वी असं झालं की अख्खी काच बदलून सोळा टाके घालत. आता नुसता पापुद्रा बदलतात, आणि पुढची उरलेली काच दुसऱ्या रुग्णाला वापरतात. एका मेलेल्या माणसाकडून चौघांना नजर मिळते. जिवंतपणी चौघांच्या उपयोगी पडलेली माणसं बाईंनी मोजकीच पाहिली होती.

नेत्रपेढीची खोली तळमजल्यावर मागच्या अंगाला, कपडे धुण्याचा विभाग आणि जनरेटर यांच्या मधोमध होती. एवढ्या नाजूक कामाला अशी जागा शोधून काढणाऱ्याचं खरं तर कौतुक व्हायला हवं. जनरेटर सुरू झाला की बशीतलं पाणी थरथरायचं. म्हणून सोलायला बसण्याआधी बाई जनरेटरवाल्याला फोन करायच्या, "भाऊ, वीस मिनिटं दम धरा," आणि मग स्वतःही धरायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली पापुद्र्याची कड निळ्या रंगाने रंगवायची, चिमट्याने एका जागी उचलायची आणि पाण्याखालीच हळूहळू ओढत आणायची. जरा हिसका बसला की फाटला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची नऊ वर्षं बाई हे करत होत्या. सुरुवातीला शिकताना फाटले ते सोडले, तर बाईंनी पाठवलेला एकही पापुद्रा 'खराब निघाला' म्हणून परत आलेला नव्हता. घरात मात्र या पराक्रमाला काडीची किंमत नव्हती.

घरात वन्सं होत्या. नवऱ्याची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, पुढच्या खोलीत राहायच्या आणि साऱ्या घराची हजेरी घ्यायच्या. भावजय मेलेल्यांचे डोळे हाताळते हे कळलं त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, "तीनदा हात धुतल्याशिवाय माझ्या ताटाला हात लावायचा नाही." ओळखीपाळखीत मात्र 'आमची भावजय बँकेत आहे' एवढंच सांगायच्या. कुठल्या बँकेत, असं कुणी खोदून विचारलं की त्यांना खोकला यायचा.

वन्संचा डावा डोळा लहानपणी चेंडू लागून गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर. त्या उजव्या डोळ्याने त्या रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचायच्या. गेल्या वर्षी त्यांची तक्रार सुरू झाली, की हल्ली छपाई फार वाईट झालीय. सकाळी अक्षरं पुसट दिसतात, दुपारी बरी दिसतात. त्यांनी तीन वर्तमानपत्रं बदलली. एका संपादकाला तर खरमरीत पत्रही लिहिलं, आणि त्या पत्राच्या ओळी उतरणीला लागल्या होत्या.

"वन्सं, छपाई ठीक आहे," बाई एकदा न राहवून म्हणाल्या. "सकाळी धुकं आणि दुपारी स्वच्छ, हे पापुद्रा गेल्याचं लक्षण आहे. डोळा दाखवून घ्या."

"घरात तरी धंदा बाजूला ठेवत जा," वन्सं म्हणाल्या.

शेवटी एका सकाळी साखर समजून त्यांनी चहात मीठ घातलं, तेव्हा त्या रुग्णालयात आल्या. आल्या त्या थेट बडे डॉक्टरांकडेच. प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर रुग्णालयाच्या संस्थापकांपेक्षा बडे डॉक्टरांचा फोटो मोठा होता, आणि वन्संचा मोठ्या आकारावर फार विश्वास.

पापुद्रा बदलायची शस्त्रक्रिया या रुग्णालयात एकटे बडे डॉक्टरच करत. हात वाईट नव्हता. पण हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. प्रत्येक व्याख्यानात ते सांगत, "आता नेत्रपेढ्या पाच वर्षांत बंद पडणार. एका डोळ्यातल्या पेशी काचपात्रात वाढवायच्या, सुईने थेट रुग्णाच्या डोळ्यात सोडायच्या, तीन तास त्याला पालथं झोपवायचं, संपलं. पापुद्रे सोलत बसायचा जमाना गेला." असं ते अकरा वर्षं सांगत होते. बाईंनी त्या विषयावरचे लेख स्वतः वाचले होते. संशोधन खरं होतं, उत्तम होतं, एका दात्यापासून कितीतरी रुग्णांना पुरेल असं होतं. फक्त ते बडे डॉक्टरांचं नव्हतं.

वन्संचा नंबर यादीप्रमाणे आला. बाईंनी यादी एका ओळीनेही वरखाली केली नाही, पण त्या दिवशी सोलताना मात्र जनरेटरवाल्याला वीसच्या जागी चाळीस मिनिटं दम धरायला लावला. एका चौरस मिलिमीटरमध्ये दोन हजार आठशे पेशी भरल्या. कुठे फाटलेला नाही, कुठे सुरकुती नाही. बाईंनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, कारण दुसरं कुणी थोपटणार नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली. पापुद्रा काचेला चिकटून राहावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात आणि रुग्णाला छताकडे बघत उताणं पडून राहावं लागतं. वन्सं तीन दिवस अशा पडून राहिल्या, की वॉर्डातल्या नर्सबाई इतर रुग्णांना त्यांचा दाखला द्यायच्या. आठवड्याने पट्टी पूर्ण काढली, तर पूर्वीचं धुकं परवडलं असं दूध डोळ्यात साचलेलं. पंधरवडा गेला, तरी तेच.

"नीट झोपल्या नसतील," बडे डॉक्टर म्हणाले.

नर्सबाईंनी तीन दिवसांची नोंदवही पुढे केली. डॉक्टरांनी ती न उघडता बाजूला सारली आणि म्हणाले, "मग पापुद्रा खराब होता." नाचता येईना, अंगण वाकडं. दुसऱ्या दिवशी नेत्रपेढीत कागद आला. ऊतक सदोष, सबब शस्त्रक्रिया अयशस्वी. नऊ वर्षांतला पहिला.

घरी वन्संनी तो निकाल ऐकला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं माझं बोलणं मनात धरून ठेवलंस ना? माझ्याच वाट्याला खराब दिलास."

बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. त्यांना वाटलं नवरा काहीतरी बोलेल. नवरा मूग गिळून गप्प बसण्यात तरबेज होता, त्यानं तेच केलं. त्या संध्याकाळी बाई न्हाणीघरात नळ सोडून मनसोक्त रडल्या. वन्सं टाकून बोलतात हे त्यांना नवं नव्हतं. पण आपण असंही करू शकतो, असं या बाईला इतक्या वर्षांनी वाटावं, हे फार लागलं.

महिन्याच्या शेवटी सभागृहात डॉक्टरांची बैठक असायची. त्यात बडे डॉक्टरांनी 'सदोष ऊतकाचे दुष्परिणाम' या विषयावर वन्संच्याच शस्त्रक्रियेची चित्रफीत मोठ्या पडद्यावर लावली. पार्श्वसंगीतासकट. बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. सगळे डॉक्टरांच्या हातांकडे बघत होते, बाई आपल्या पापुद्र्याकडे बघत होत्या, आई गर्दीत आपलं पोर शोधते तशा.

डोळ्यात सोडला की पापुद्रा गुंडाळी होऊन बसतो. तो उलगडायचा, पण उलगडताना बाजू सांभाळावी लागते. पेशींची बाजू खाली, डोळ्याच्या आत. सरळ असला की त्याच्या कडा वर वळतात, उलटा असला की खाली. पाण्यासारखी पारदर्शक चीज, तिची सुलटी-उलटी बाजू ओळखायची कशी, तर याच कडांवरून. आणि दहा फूट रुंदीच्या पडद्यावर, संगीताच्या तालावर, वन्संच्या डोळ्यात पापुद्र्याच्या कडा खाली वळलेल्या होत्या. डॉक्टरांनी तो तसाच, उलटा, मोठ्या ऐटीत बसवला. उपसणारा पंप उलटा बसवून वर विहिरीला दोष, त्यातला प्रकार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. सभागृहात टाळ्या झाल्या.

बाहेर जिन्यात त्यांना ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर भेटली. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"बाई, मी तेव्हाच म्हटलं होतं. सर, कडा खाली वाटतायत म्हणून."

"मग?"

"म्हणाले, गाण्याचा आवाज जरा वाढवा."

वन्संच्या डोळ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करता येणार होती, पण दोन महिन्यांच्या आत. त्यापुढे सुजलेल्या काचेवर कायमचा डाग पडला असता आणि मग नुसत्या पापुद्र्याने भागलं नसतं. दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयाची यादी वर्षभराची. म्हणजे हेच डॉक्टर, हेच हात. आणि पुन्हा उलटा बसला, तर वन्संचा एकुलता एक डोळा गेलाच म्हणायचा.

यावर उपाय होता, आणि तो बाईंनी काही स्वप्नात पाहिलेला नव्हता. इतर ठिकाणच्या पेढ्या पापुद्र्यावर जांभळ्या शाईचा एक इवलासा शिक्का मारून पाठवत. काठी आणि तिच्या उजव्या अंगाला एक फाटा. फाटा उजवीकडे दिसला तर सरळ, डावीकडे दिसला तर उलटा. शेंबड्या पोरालाही कळेल. बाई तो शिक्का घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

"माझ्या नजरेला खुणा लागत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आणि शिक्क्याखालच्या पेशी मरतात, माहितीय ना?"

"शंभरात एखादी मरते, सर."

"ती एकसुद्धा माझ्या रुग्णाची असते, बाई."

उलट्या पापुद्र्यात शंभराच्या शंभर जातात, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. डॉक्टरांनी मागणीपत्रावर लाल शाईने लिहिलं, 'खूण नको', आणि खाली दोन रेघा मारल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

तक्रार करता आली असती. तक्रार निवारण समितीत तीन जण होते आणि अध्यक्ष बडे डॉक्टर होते. घरी वन्संना खरं सांगता आलं असतं. मग वन्सं दुसऱ्याच मिनिटाला रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना वर्गाबाहेर उभं करून आल्या असत्या, त्या डॉक्टरांपुढे पुन्हा डोळा उघडला नसता, आणि सत्य हातात घेऊन जन्मभर आंधळ्या बसल्या असत्या. बाईंनी आठ दिवस विचार केला. त्यांच्यापाशी वजन असलेली एकच गोष्ट होती. तो एक कागद सोडला, तर नऊ वर्षांची स्वच्छ नोंद. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणत त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

'मागील शस्त्रक्रियेच्या वेळी नेत्रपेढीकडून पाठविण्यात आलेले ऊतक सदोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तसेच ऊतक भरताना पेढीतील तंत्रज्ञाकडून बाजूंची गल्लत झाली असावी. याची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकारावर आहे. यापुढे तंत्रज्ञाच्या सोयीसाठी ऊतकावर खूण करण्यात येईल. सदर खूण केवळ पेढीच्या अंतर्गत उपयोगासाठी असून मान्यवर शल्यचिकित्सकांनी तिकडे लक्ष देण्याची आवश्यकता नाही.'

शेवटचं वाक्य लिहिताना बाईंना रडू येता येता हसू आलं. बाकीचं पत्र त्यांनी दात-ओठ खात लिहिलं आणि सही केली. सही चांगली आली, हात एवढासाही हलला नाही.

बडे डॉक्टरांनी ते पत्र दोनदा वाचलं. चेहऱ्यावर ऊन पडावं तसे ते उजळले.

"चूक कबूल करायला मोठं मन लागतं, बाई," ते म्हणाले.

"हो सर," बाई म्हणाल्या. "म्हणून तर फार कमी लोकांना जमतं."

डॉक्टरांनी मान डोलावली. 'खूण नको' खोडलं गेलं. पत्राची एक प्रत अधिष्ठात्यांकडे गेली, आणि एक प्रत, डॉक्टरांच्या खास सूचनेवरून, रुग्णाच्या फाइलीत.

दुसऱ्यांदा बाईंनी पापुद्रा सोलला. दोन हजार सहाशे पेशी. शिक्का मारला, आरपार तीनदा तपासला, काचेच्या नळीत भरला आणि वर पाठवला. मग त्या आपल्या खोलीत फ्रिजच्या घुंईघुंईत दीड तास बसून राहिल्या. त्यांना एकही नोंद धड लिहिता आली नाही.

दीड तासाने सिस्टर टोपीसकट खाली आली आणि स्टुलावर बसली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उलगडला. पडद्यावर फाटा डावीकडे."

"म्हणजे उलटा," बाई म्हणाल्या.

"मी काही बोललेच नाही," सिस्टर म्हणाली. "तुमच्या पत्रात लिहिलंच होतं ना, लक्ष द्यायची गरज नाही म्हणून. सर गप्प. गाण्याचं एक अख्खं कडवं झालं. मग म्हणाले, ही पेढीवाली मंडळी शिक्कासुद्धा उलटा मारतात की काय, आपण आपलं खात्रीसाठी फिरवून बघू. फिरवला. फाटा उजवीकडे आला, कडा वर आल्या. बुडबुडा सोडला आणि म्हणाले, बघितलंत? याला नजर म्हणतात."

बाई हसत सुटल्या. हसता हसता त्यांचे डोळे पुसायला सिस्टरला टोपी काढून द्यावी लागली.

वन्सं पुन्हा तीन दिवस छताकडे बघत पडल्या. आठवड्याने दूध ओसरलं, महिन्याने काच स्वच्छ झाली. बडे डॉक्टरांनी पुढच्या बैठकीत 'खूणयुक्त ऊतक: माझा अनुभव' या विषयावर पाऊण तास व्याख्यान दिलं. त्यात बाईंचा उल्लेख एकदा आला, सदोष ऊतकाच्या संदर्भात.

वन्संची नजर परत आली म्हणून एका रविवारी घरी नातेवाईक जमले. वन्संनी रुग्णालयाची फाइल मांडीवर घेतली, चष्मा चढवला आणि शाळेत निकाल वाचावा तशी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. रक्तदाब वाचला, डोळ्याचा दाब वाचला, औषधांची नावं न अडखळता वाचली. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या, तेव्हा वन्सं नेमक्या त्या पत्रावर होत्या.

"ऐका, ऐका. 'ऊतक सदोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' लेखी आहे, माझ्या मनाचं नाही. 'याची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकारावर आहे.' आणि सही कुणाची ते बघा." त्यांनी कागद सगळ्यांना दिसेल असा फिरवला. "त्या देवमाणसाच्या हाताला यश होतं म्हणून निभावलं."

खोलीतल्या सगळ्या नजरा दाराकडे वळल्या. कुणीतरी मुद्दाम खाकरलं. नवऱ्याने गालिच्याची वीण तपासायला घेतली. बाईंना संताप आला. खरं काय ते चार वाक्यांत सांगून टाकावं आणि या बाईचं तोंड कायमचं बंद करावं, असं वाटलं, आणि आता तसं करायला कसलीच आडकाठी नव्हती. डोळा बरा झाला होता. डॉक्टरांची गरज संपली होती. ती चार वाक्यं त्यांच्याजवळ तयार होती.

पण वन्सं पुढे वाचत होत्या, आणि बाईंचं लक्ष आपोआप त्यांच्या डोळ्याकडे गेलं. ओळीवरून ओळीवर तो सरळ जात होता. कुठे थांबत नव्हता, कुठे मागे येत नव्हता.

"वन्सं," बाई म्हणाल्या, "सगळ्यात खाली, सहीच्या खाली, बारीक अक्षरांत काय छापलंय?"

"माझी परीक्षा घेतेस होय?" वन्संनी कागद जरासुद्धा जवळ घेतला नाही. "'नेत्रपेढी, तळमजला, मागील बाजू. नमुना क्रमांक अकरा. कामाची वेळ सकाळी नऊ ते पाच.' झालं समाधान?"

बाईंनी ट्रे खाली ठेवला. राग अजून तसाच होता.

"झालं," त्या म्हणाल्या. "एक अक्षर चुकलं नाही तुमचं. चहा घ्या."